पोरगं रात्री एकपर्यंत जागं राहतं? ग्राउंड आणि मोबाईलचं टायमिंग असं बसवा

मी पीटीचा शिक्षक आहे, जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याकडच्या एका गावात, आणि संध्याकाळी ग्राउंडवर कबड्डी-खोखोची पोरं घेतो. गेल्या काही वर्षांत डोळ्यांदेखत बदललेली गोष्ट म्हणजे सकाळच्या प्रार्थनेला उभी राहिलेली नववी-दहावीची पोरं पेंगतात. आधी पण पेंगायची, पण ते परीक्षेच्या दिवसात नाहीतर घरात लग्न असलं की. आता सोमवार ते शनिवार तेच. "काय रे, रातभर काय करी राहयना?" असं विचारलं की मान खाली जाते. मग पालक मीटिंगला येतात आणि विचारतात सर मोबाईल काढून घेऊ का, फोडू का, काय करू. ज्यांच्या घरात पोरगं किंवा पोरगी आत्ता आत्ता तेरा-चौदाची झालीय आणि हा विषय पहिल्यांदाच आलाय त्यांच्यासाठी हे लिहितोय. सगळं एका दिवशी करायला जाऊ नका, महिनाभर धरून चाला.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. झोपेचं काम रात्री दहाला सुरू होत नाही, सकाळी उठल्यापासून सुरू होतं. आपण दिवसभर काही बघत नाही आणि रात्री दहाला ओरडतो "झोप आता", तेव्हा आपल्या हातात फार काही उरलेलं नसतं.

आधी हे समजून घ्या, पोरगं नाटक करत नाही

वयात येताना शरीरातलं घड्याळच पुढे सरकतं. अंधार पडल्यावर मेंदूत मेलाटोनिन नावाचं रसायन सुटायला लागतं, ते शरीराला सांगतं की रात्र झाली, आणि या वयात ते लहानपणापेक्षा तास-दोन तास उशिरा सुटतं. शिवाय दिवसभर जागं राहून झोपेचा जो दाब साठतो तो पण या वयात हळू साठतो. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या मेरी कार्सकाडन यांनी यावर कित्येक दशकं काम केलंय. म्हणजे दहावीतल्या पोराला नऊला झोप येत नाही हे खरं आहे. पण उशिरा झोप येते म्हणून गरज कमी होत नाही, १३ ते १८ वयाला २४ तासांत ८ ते १० तास झोप लागते, अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ साली हा आकडा दिला आणि तोच सगळीकडे धरतात. आता आपल्याकडचा हिशोब करा, क्लास सकाळी साडेसहाला, म्हणजे साडेपाचला उठणं, आणि झोप साडेबाराला. पाच तास. रोज तीन तासांची उधारी, आणि ती रविवारी एका दिवसात फिटत नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत आपल्या शालेय शिक्षण विभागाने शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं, पण ते चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी, आणि ज्या वयात घड्याळ पुढे सरकतं ते वय आठवी ते बारावीचं. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२२ पासून बहुतेक हायस्कूल साडेआठच्या आधी भरत नाहीत. आपल्याकडे तसं व्हायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, पण ते होईल तेव्हा होईल, तोपर्यंत घरात जे करता येतं ते करू.

पहिला आठवडा: फक्त वही

काही बदलू नका, ओरडू नका. एक वही घ्या आणि पोरालाच लिहू द्या. अंथरुणावर कधी गेला, मोबाईल कधी ठेवला, अंदाजे झोप कधी लागली, उठला कधी, आज घाम आला का आणि किती वेळ, चारनंतर चहा घेतला का. एवढंच, दोन मिनिटांचं काम. अँड्रॉइड फोनमध्ये डिजिटल वेलबीइंग म्हणून सेटिंग असतं, कुठल्या अ‍ॅपवर किती वेळ गेला ते त्यात दिसतं, आयफोनमध्ये त्याला स्क्रीन टाइम म्हणतात. पोराच्या शेजारी बसून बघा, त्याच्या मागे चोरून नाही. आणि तुमच्या स्वतःच्या फोनमधलं पण त्याला दाखवा. हे बऱ्याच बापांना जड जातं पण माझा अनुभव आहे की पोरगं इथेच ऐकायला लागतं.

आठवड्याने वही बघितली की प्रत्येक घराचं दुखणं वेगळं निघतं. कुणाचा मोबाईल साडेदहालाच बंद असतो पण दिवसभर शरीर हललेलं नसतं म्हणून झोप येत नाही. कुणी ग्राउंडवर मरमर पळतो आणि रात्री एकपर्यंत रील्स बघतो.

दुसरा आठवडा: उठायची वेळ पक्की करा, झोपायची नाही

झोप कुणाला जबरदस्तीने लावता येत नाही पण उठवता येतं. म्हणून एक वेळ ठरवा, समजा सहा, आणि रविवारी पण सातच्या पुढे जाऊ देऊ नका. रविवारी अकराला उठलं की रात्री बाराशिवाय झोप येत नाही आणि सोमवारी पुन्हा सहाचा अलार्म, म्हणजे दर आठवड्याला शरीर दुसऱ्या देशात जाऊन आल्यासारखं होतं. थकलेलंच असेल तर दुपारी जेवण झाल्यावर वीस-पंचवीस मिनिटं झोपू द्या, तीनच्या आत, संध्याकाळी पाचला झोपलं तर रात्रीची झोप गेलीच म्हणून समजा.

उठल्या उठल्या बाहेर उजेडात आणा. ओट्यावर, अंगणात, गच्चीवर, दहा-पंधरा मिनिटं तरी. डोळ्यात सकाळचा उजेड गेला की ते पुढे सरकलेलं घड्याळ थोडं मागे येतं. अंधाऱ्या खोलीत गोधडीत पडून मोबाईल बघत दिवस सुरू केला तर हा फायदा मिळत नाही.

ग्राउंड: कधी, किती आणि कुणासाठी

इथे मी जास्त बोलणार, माझा विषय आहे.

व्यायामाने झोप का लागते तर शरीर दिवसभर जी ऊर्जा वापरतं त्यातून मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठतं, तोच तो झोपेचा दाब, आणि अंगमेहनतीने तो चांगला साठतो. दुसरं म्हणजे खेळताना अंग तापतं आणि नंतर थंड होत जातं, अंग थंड होणं हाच शरीराला झोपेचा निरोप असतो. तिसरं म्हणजे डोक्यातलं टेन्शन उतरतं, कबड्डीच्या एका रेडमध्ये माणूस मार्कशीट विसरतो. स्वित्झर्लंडमध्ये ५१ तरुण पोरापोरींवर एक प्रयोग झाला होता, २०१२ साली छापून आला, त्यात एका गटाला तीन आठवडे शाळेच्या दिवशी सकाळी फक्त ३० मिनिटं पळायला लावलं. पळणाऱ्यांची झोप सुधारली आणि दिवसभराचं मन लागणं पण सुधारलं. तीन आठवडे, अर्धा तास, बाकी काही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० चं म्हणणं आहे की ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल असं काहीतरी करावं. त्याच संघटनेच्या अभ्यासात जगातली ११ ते १७ वयाची ८० टक्क्यांहून जास्त शाळकरी मुलं तेवढं करत नाहीत असं निघालं होतं. तासाचा आकडा ऐकून घाबरू नका, नवीन असाल तर वीस मिनिटांपासून सुरू करा आणि दर आठवड्याला दहा वाढवा. शाळेत सायकलने जाणं-येणं मोजा. केळीच्या बागेत वडिलांबरोबर घड वाहिले तर ते पण मोजा, तो काही जिमपेक्षा कमी व्यायाम नाही.

टायमिंग. सगळ्यात चांगलं म्हणजे सकाळी, नाहीतर संध्याकाळी साडेपाच ते साडेसात. संध्याकाळी खेळलं तर झोप उडते असं बरेच जण सांगतात, ते तसं नाही. संध्याकाळच्या व्यायामावर झालेले बरेच अभ्यास एकत्र करून २०१९ ला जो आढावा आला त्यात झोप बिघडत नाही असंच दिसलं, फक्त झोपण्याच्या अगदी आधीच्या तासात जोराचा व्यायाम नको. (ते अभ्यास मोठ्या माणसांवरचे होते पण ग्राउंडवर मला पोरांचं पण तेच दिसतं.) म्हणून साडेसातला ग्राउंड सुटलं, आठला जेवण, दहाला अंथरूण, हे छान जमतं. जळगाव-धुळ्यात आता टर्फ झालेत आणि पोरं रात्री दहा ते बाराचं बुकिंग करतात कारण तेव्हा सगळे मोकळे असतात. मोठमोठे लाइट, अंग तापलेलं, आणि मॅच हरल्याची चिडचिड घेऊन बाराला घरी. खेळू नका असं मी कधीच म्हणणार नाही पण शाळेच्या दिवशी हे बुकिंग नको, शनिवारी संध्याकाळचं घ्या.

उन्हाळ्यात आपल्याकडे ४४-४५ च्या वर जातं, तेव्हा दुपारी चार-पाचचं ग्राउंड बंद ठेवा. पहाटे नाहीतर संध्याकाळी सात वाजल्यानंतर, सोबत पाणी आणि घरचं लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. डोकं दुखलं, चक्कर आली, घाम बंद झाला की लगेच सावलीत.

भरतीच्या पोरांबद्दल वेगळं सांगायचंय. आपल्या भागात सोळा-सतरापासूनच पोलीस भरतीची तयारी सुरू होते, पहाटे साडेचारला डांबरी रोडवर सोळाशे मीटर मारणारी पोरं तुम्ही पण बघितली असतील, मला त्यांचा फार अभिमान वाटतो. पण त्यातली कितीतरी रात्री साडेबारापर्यंत भरतीचेच व्हिडिओ बघत असतात, मोटिव्हेशनचे. म्हणजे चार तास झोप आणि त्याच्यावर रनिंग. अंग भरून येण्याचं, स्नायू दुरुस्त होण्याचं काम गाढ झोपेत होतं, ते होतच नाही. अमेरिकेत ११२ शाळकरी खेळाडूंचा एक अभ्यास २०१४ साली आला होता, त्यात ८ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापत व्हायची शक्यता १.७ पट निघाली. माझा एक चांगला रेडर असाच पिंडरीच्या दुखण्याने सगळा सीझन बसून होता, आणि मी त्याला स्ट्रेचिंगबद्दल सगळं विचारलं पण रात्री किती वाजता झोपतोस हे विचारलं नाही. ती चूक माझी होती. आता पहिला प्रश्न तोच विचारतो. पहाटे पळायचं असेल तर रात्री नऊला झोपा, नाहीतर रनिंग संध्याकाळी न्या.

आणि पोरी. हे जरा थांबून वाचा. सहावीपर्यंत पोरी पोरांच्या बरोबरीने खोखो खेळतात आणि सातवी-आठवीत एकेक करून ग्राउंडवरून गायब होतात. पाळी सुरू होते, घरचे म्हणतात आता मोठी झाली, ग्राउंडवर पोरांची गर्दी असते, येताना अंधार पडतो. खेळ जातो आणि त्याच वर्षी हातात मोबाईल येतो. मग तीच आई म्हणते रात्री झोपत नाही, चिडचिड करते. तिच्या दिवसातून घाम काढून घेतलाय आपण, झोप कुठून येणार? शाळेला सांगा की पोरींना ग्राउंडचा वेगळा तास द्या, आणि ते होत नसेल तर गच्चीवर दोरीवरच्या उड्या आहेत, सायकल आहे, आईबरोबर पहाटे रोडने चालणं आहे, फुगड्या आहेत. आखाजीला म्हणजे अक्षय्यतृतीयेला झोके घेणाऱ्या, कानबाईच्या सणाला रात्रभर नाचणाऱ्या पोरींना खेळायला येत नाही असं कुणी सांगू नये.

जिमला जाणाऱ्या पोरांच्या घरच्यांनी एक बघा, व्यायामाआधी घ्यायची जी पावडर मिळते तिच्यात बहुतेक वेळा भरपूर कॅफिन असतं. संध्याकाळी सातला ती घेतली तर रात्री बारापर्यंत त्यातलं निम्मं अंगात असतं. टपरीवर मिळणाऱ्या एनर्जी ड्रिंकचं तेच, मुलांसाठी नाही असं लेबलवरच छापलेलं असतं. आणि चहा, आपल्याकडे पाहुणा आला की चहा, शेतातून आलं की चहा, पण वाढत्या पोराला चारनंतर नको.

तिसरा आठवडा: मोबाईलला झोपायची जागा द्या

वेळेवरून भांडण करू नका, जागेवरून नियम करा. "दोन तासच बघायचा" हा नियम कुणी मोजत नाही आणि रोज भांडण होतं. "रात्री साडेनऊला सगळ्यांचे फोन पुढच्या खोलीतल्या फळीवर चार्जिंगला" हा नियम सगळ्यांना डोळ्यांनी दिसतो. सगळ्यांचे म्हणजे सगळ्यांचे, बापाचा पण.

मी स्वतः हे उलटं केलं होतं. माझा मुलगा नववीत असताना एका रात्री दीड वाजता त्याच्या गोधडीतून उजेड दिसला, मी फोन हिसकावला, बोललो खूप. चार दिवसांनी कळलं की तो आजीचा फोन घेऊन बघतो, आणि आजीला सांगायचा अभ्यासाचं आहे. फोन हिसकावून मी त्याला फक्त लपवायला शिकवलं. नंतर बसून बोललो तेव्हा कळलं की त्याच्या वर्गाचा ग्रुप रात्री अकरानंतरच सुरू होतो, आणि जो नसतो त्याच्यावर सकाळी सगळे हसतात. त्याला रील्सपेक्षा ती भीती होती. मला हे माहीतच नव्हतं.

म्हणून मोबाईल झोप कशी खातो ते नीट समजून घ्या. स्क्रीनचा उजेड हे एक कारण, त्याने मेलाटोनिन अजून मागे ढकललं जातं. पण पिवळा फिल्टर लावला म्हणजे झालं असं समजू नका. रील्सला शेवटच नसतो, पेपर संपतो, मालिकेचा भाग संपतो, पण इथे बोट वर केलं की पुढचं हजर, त्यामुळे थांबायची जागाच येत नाही. त्यात कुणी काय कमेंट टाकली, कुणी स्टेटस बघून उत्तर दिलं नाही, याने मन जागं राहतं, स्क्रीन बंद केल्यावर पण. आणि हे उलटं पण चालतं, ज्याला आधीच झोप येत नाही तो मोबाईल हातात घेतो, मग अजून येत नाही. दुसऱ्या दिवशी थकलेलं पोरगं ग्राउंडला येत नाही, घरी पडून पुन्हा मोबाईल. हे चाक कुठूनतरी थांबवायचं असतं, आणि ग्राउंडकडून थांबवणं सोपं जातं कारण तिथे काही काढून घ्यायचं नसतं, द्यायचं असतं.

आता हाताने करायच्या गोष्टी. एक साधं अलार्मचं घड्याळ आणा, कारण "अलार्मसाठी फोन जवळ लागतो" हे पहिलं कारण पुढे येणार. इन्स्टाग्रामवर खरं वय टाकलंय का बघा, खोटं टाकलं असेल तर किशोरांसाठीची सोय लागू होत नाही. त्या सोयीत रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन बंद राहतात, आणि १६ च्या खालच्या मुलाला ती सैल करायला पालकांची परवानगी लागते. तेराच्या आतल्याला तर तिथे अकाउंटच नको. यूट्यूबमध्ये झोपेची आठवण लावता येते, अँड्रॉइडमध्ये बेडटाइम मोड लावला की स्क्रीन काळी-पांढरी होते आणि बघायची मजाच जाते. लहान असेल तर गूगलचं फॅमिली लिंक टाका, पण पोराला सांगून. स्नॅपचॅटवर ज्यांचा स्ट्रीक, म्हणजे रोज न चुकता एकमेकांना स्नॅप (फोटो) पाठवायची साखळी, चालू आहे त्यांना २४ तासांत एकदा स्नॅप टाकावाच लागतो, तो तोडायला सांगू नका, त्यांच्यासाठी ती मैत्रीची गोष्ट आहे, फक्त संध्याकाळी सहाला टाकायची सवय लावा. वर्गातल्या दोन-तीन मित्रांच्या आईवडिलांशी बोलून सगळ्यांनी मिळून साडेनऊची वेळ धरली तर सगळ्यात उत्तम, मग एकटा पडायची भीतीच राहत नाही. आमच्याकडे चार घरांनी तेच केलं आणि अकराचा ग्रुप आपोआप संध्याकाळी सातला आला.

साडेनऊ ते दहा काय करायचं

मोबाईल काढला की अर्धा तास रिकामा होतो आणि तो भरला नाही तर सगळं फिसकटतं. अंघोळ करू द्या, उन्हाळ्यात तर नक्की. दप्तर भरणं, उद्याचे कपडे काढणं, आजीशी गप्पा. मोठी ट्यूबलाइट बंद करून छोटा दिवा लावा. दोन खोल्यांचं घर असेल आणि तिथेच टीव्ही असेल तर दहानंतर तो पण बंद, हे कठीण आहे मला माहीत आहे. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत कुणालाच झोप येत नाही, त्यात पोराचा दोष नाही, घराच्या धाब्यावर किंवा गच्चीवर खाटा टाका, संध्याकाळी गच्चीवर पाणी मारा, कूलर असेल तर खिडकी उघडी ठेवून लावा. वीस-पंचवीस मिनिटांत झोप नाही आली तर उठून बसू द्या, पाणी पिऊ द्या, अंधारात कूस बदलत पडून राहिल्याने झोप येत नाही.

आठवडा मोडला तर

मोडणारच. लग्न असतं, सारंगखेड्याची यात्रा असते, कानबाईचं जागरण असतं, आणि ते असावंच. शेतीची लाइट रात्रीची असली की मोठा पोरगा वडिलांबरोबर पाणी भरायला जातो, दोनला येतो. अशा दिवशी उठायच्या वेळेत तासभर सूट, दुपारी एक डुलकी, आणि त्याच रात्री पुन्हा फळी. बोर्डाच्या परीक्षेत रात्र जागून अभ्यास करतात त्यांना एवढंच सांगा की वाचलेलं पक्कं होण्याचं काम झोपेतच होतं, आणि परीक्षा आहे म्हणून ग्राउंड बंद करू नका, अर्ध्या तासावर आणा पण चालू ठेवा.

डॉक्टरकडे कधी

तीन-चार आठवडे हे सगळं प्रामाणिकपणे करून पण झोप येत नसेल, किंवा पोरगं रोज जोरात घोरत असेल, झोपेत श्वास अडकल्यासारखा होत असेल, आठ-नऊ तास झोपून पण वर्गात झोपत असेल, रात्री पाय वळवळतात म्हणत असेल, तर वही घेऊन डॉक्टरकडे जा, वहीतून त्यांना पटकन कळतं. आपल्या मनाने झोपेची गोळी किंवा मेलाटोनिनची गोळी देऊ नका. आणि पोरगं गप्प गप्प झालं असेल, जेवण सुटलं असेल, "जगून काय करायचं" असलं काही बोललं असेल तर तीन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी जवळ बसा आणि टेलिमानस या सरकारी सेवेला १४४१६ वर फोन लावा, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. ऑनलाइन कुणी त्रास देत असेल, फोटोवरून धमकावत असेल तर तो प्रश्न झोपेचा नाहीच, आणि त्या वेळी पोराचा फोन हिसकावला तर ते पुढच्या वेळी तुम्हाला काही सांगणार नाही.